मास्तरांचे दोन गप्पीदास

आटपाडीत मी चार वर्षं नोकरी केली आणि त्या चारही हिवाळ्यांत माझे कपडे गच्चीवरच्या पश्चिमेकडच्या तारेवर वाळले. पूर्वेकडची तार चांगली लांब होती, ऊनही तिथेच आधी यायचं; पण ती तार भाड्यात धरलेली नव्हती. ती गप्पीदासाची होती.

हे मला खोली बघायला गेले त्याच दिवशी सांगण्यात आलं. मी साताऱ्याची, कृषी खात्यात नव्याने लागलेली, डाळिंबाच्या बागा बघत तालुकाभर फिरायचं काम. बाजाररस्त्यावर एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं म्हणून गेले. घरमालक म्हणजे तो शिंपीच. गावात त्यांना सगळे नुसतं मास्तर म्हणत. साठीचे, सडपातळ, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात मापाची टेप आणि तिच्यावरच लोंबणारी एक जुनी दुर्बीण. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. हे तीन प्रश्न न विचारता खोली देणारा घरमालक मला त्याआधी भेटला नव्हता आणि पुढेही भेटला नाही. त्यांचा प्रश्न एकच होता. पूर्वेच्या तारेवर कापडं घालणार का?

मी म्हटलं, तार कपड्यांसाठीच असते ना. त्यावर ते फार गंभीर झाले. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तिथं आपलं एक गिऱ्हाईक बसतं, लई लांबून येतं, त्याची गैरसोय व्हायला नको, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या पाठीमागे चाची उभ्या होत्या, म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्या मला डोळ्यांनी खुणावत होत्या की हो म्हणून टाक. मी हो म्हणून टाकलं आणि पुढची चार वर्षं त्या होकाराचा मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

गिऱ्हाईक हा मास्तरांचा खास शब्द. माणसांना ते मापाने ओळखत. कालचे चाळीस-छत्तीस येऊन गेले, असं म्हणत. नाव विचारलं तर आठवत बसत. पक्ष्यांना मात्र गिऱ्हाईक म्हणत आणि त्यांची चौकशी असायची. त्यांच्या दुकानाला दोन दारं होती, एक बाजाररस्त्याकडे, एक मागे शेताकडे. जगातला कुठलाही शिंपी मशीन रस्त्याकडे तोंड करून मांडतो. मास्तरांनी ते मागच्या दारात मांडलं होतं. त्यामुळे रस्त्यावरून येणारा माणूस आधी त्यांच्या पाठीशी बोलायचा. दोन-तीन वाक्यं पाठीशी बोलून झाली की मास्तर मान वळवायचे, माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघायचे आणि टेप न लावता माप सांगायचे. ते सहसा चुकत नसे.

मागच्या शेतात हिवाळ्यात शाळू असायचा आणि त्याच्या कडेनं करडईच्या ओळी. करडईला काटे असतात, जनावर आत शिरत नाही, म्हणून आमच्याकडे ती अशी कुंपणासारखी पेरतात. या करडईच्या शेंड्यांवर, आणि करडई वाढेपर्यंत आमच्या गच्चीच्या तारेवर, गप्पीदास बसायचा. चिमणीपेक्षाही लहान जीव. छाती विटकरी, मानेला दोन्ही बाजूंनी पांढरा डाग, पंखावर एक पांढरी पट्टी. बसायचं ते शेंड्याच्या अगदी टोकावर. शेपटी उडवायची, दोन खडे एकमेकांवर आपटल्यासारखं टक टक करायचं, खाली झेप घेऊन किडा उचलायचा आणि परत वर. सैबेरियाकडून, हिमालयापलीकडून इतका लांब उडत येतो आणि येऊन बसतो कुठे, तर आटपाडीच्या करडईवर. मी शेतीची पदवी घेतलेली, पण मला पाखरं माहीत होती ती शाळू खाणारी. हे सगळं मला मास्तरांनी शिकवलं.

त्यांच्याकडे मापाच्या वह्या होत्या, शिंप्यांकडे असतात तशा लांबट, उंची, छाती, कंबर, बाही असे रकाने आखलेल्या. त्यातल्या निम्म्या वह्या पाखरांच्या होत्या. रकाने तेच. छातीच्या रकान्यात छातीचा रंग, बाहीच्या रकान्यात पंखावरची पट्टी, आणि मानेवरच्या पांढऱ्या डागाला त्यांनी कॉलर असं नाव देऊन स्वतंत्र रकाना आखला होता. रंग लिहिण्याची त्यांची रीत तर फारच झकास. शिंप्याकडे दोऱ्याचं शेडकार्ड असतं, त्यावर रंगीत दोऱ्यांचे तुकडे आणि खाली नंबर. मास्तर एका हातात दुर्बीण आणि दुसऱ्या हातात शेडकार्ड धरून पाखराशी रंग जुळवायचे आणि नंबर टिपून ठेवायचे. वही हाताशी नसेल तर खडूने समोरच्या कापडावर लिहायचे. गावातल्या शाळेचे एक निवृत्त हेडमास्तर नवी पँट घालून नातवाच्या बारशाला गेले आणि तिथे मांडी घालून बसल्यावर मुडपलेल्या कापडाच्या आतून सगळ्यांना वाचता आलं, ‘नर १, तार, ७.१०, कॉलर मोठी’. हेडमास्तर चिडले नाहीत. नर एक हे बरोबरच होतं, एवढंच म्हणाले.

ऑक्टोबरात पाखरं यायची आणि ऑक्टोबरातच दिवाळीची शिलाई. मास्तरांचा जीव दोन्हीकडे ओढला जायचा आणि हरायची ती शिलाई. एकदा तर एका नवरदेवाचा बाप हळदीच्या दिवशी धावत आला तेव्हा सूट तयार होता, फक्त बाह्या नव्हत्या. मास्तरांनी खरं ते सांगून टाकलं की बाह्या काल लावायच्या होत्या आणि काल नेमकं पहिलं गिऱ्हाईक आलं. मग मास्तर स्वतः लग्नघरी गेले आणि मांडवात बसून हाताने बाह्या लावून आले. अशा माणसाकडे लोक किती दिवस कापड टाकणार? हळूहळू सगळे तयार कपड्यांच्या दुकानांकडे वळले. पोरं त्यांना पाखऱ्या मास्तर म्हणायची. मास्तर त्याला ओ देत. चाचींना मात्र ते लागायचं. त्या काही बोलत नसत, पण पोरं ओरडली की खिडकी लावून घेत.

माझा पहिला हिवाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. जानेवारीचे शेवटचे दिवस होते. मी गच्चीवर गेले तर मास्तर कठड्याला टेकून उभे, चेहरा उतरलेला. मला वाटलं घरात काही झालं. विचारलं तर म्हणाले, ‘खाकी गेला.’

खाकी कोण, हे कळायला मला अर्धा तास लागला, कारण मास्तरांनी तीस वर्षांचा हिशोब पहिल्यापासून सांगितला. त्यांचं म्हणणं असं की गप्पीदास एक नाही, दोन आहेत. पहिला खाकी. तो ऑक्टोबरात येतो. डोकं खाकी, पाठ खाकी, छाती फिकट विटकरी. तो जानेवारीअखेर निघून जातो. मग फेब्रुवारीत दुसरा येतो. त्याचं नाव त्यांनी काळा कोट ठेवलं होतं. डोकं कोळशासारखं काळं, छाती लालभडक, कॉलर पांढरीशुभ्र. तो दक्षिणेकडून येतो, दीड-दोन महिने इथे थांबतो आणि उन्हाळा तापला की उत्तरेला जातो. या दोहोंच्या अधलं-मधलं काही दिसलं तर ती मादी किंवा यंदाचं पिल्लू. मी पुस्तकात बघून सांगितलं की इथे दोघं दाखवलेले नाहीत, एकच आहे. मास्तर शांतपणे म्हणाले की पुस्तकवाला एकदाच आला असेल, तोही सुट्टीत.

आता मला या गोष्टीची गोडी लागली होती. दुसऱ्या हिवाळ्यात मी नवीन पुस्तक मागवलं, मोबाइलवर वाचत बसायला लागले, आणि एके दिवशी मला असं काही सापडलं की मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत दुकानात गेले. पूर्वी हा पक्षी आफ्रिकेपासून जपानपर्यंत एकच मानत. पुढे शास्त्रज्ञांनी त्याचे तुकडे केले. आफ्रिकेतला वेगळा, युरोपातला वेगळा, आपल्याकडे येतो तो सैबेरियाचा वेगळा. एवढंच नाही, तर त्याचं कुळसुद्धा बदललं. आधी तो कस्तुरांच्या कुळात धरला जायचा, आता तिथून काढून माशीमारांच्या कुळात घातला आहे.

मशीनवरचा मास्तरांचा पाय थांबला. एकाचे दोन करता येतात, हे त्यांना त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं. त्यांनी मला तीच गोष्ट तीनदा सांगायला लावली. कुणी केले, कशावरून केले, सरकारची परवानगी लागते का, सगळं विचारलं. मग उठून आत गेले आणि चाचींना घेऊन आले आणि मला चौथ्यांदा सांगायला लावलं. चाचींनी ऐकून घेतलं आणि चहा टाकायला गेल्या. मास्तर मागच्या दारात जाऊन गप्पीदासाकडे बघत राहिले. ‘घराणं बदललं,’ ते म्हणाले, ‘आन् ह्याला पत्ता न्हाई. बसलंय बगा निवांत.’ त्या दिवशी त्यांनी एक टाकासुद्धा घातला नाही.

त्या दिवसापासून त्यांच्या मनानं घेतलं की तिकडे फोडला तसा हा आटपाडीतही फोडता येईल. दोन वर्षं मी ते ऐकत होते आणि मीही त्यात पुरती वाहून गेले होते, हे कबूल करते. चौथ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मी पुण्याच्या एका पक्षीतज्ज्ञ बाईंना पत्र लिहिलं. मास्तरांच्या वह्यांची पानं फोटो काढून पाठवली. आठ दिवसांत उत्तर आलं. नोंदी फार मनापासून केलेल्या दिसतात, फेब्रुवारीअखेर मी स्वतः येते, तोवर एक काम करा, ओळखता येईल असा एकच पक्षी धरा आणि रोज त्याच्याच नोंदी ठेवा.

मास्तरांना मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला ठेवलं. मग म्हणाले, ‘म्याडम, लोक येडा म्हणत्यात त्येचं मला काय न्हाई. पर माजं दोन गप्पीदास खरं हायत, एवढं कुणीतरी शिकल्यालं माणूस म्हणू द्या. मग मी आनि काय मागत न्हाई.’ त्याच संध्याकाळी चाचींनी मला जिन्यात गाठलं. तीस वर्षं लोकांचं ऐकून घेतलंय, एकदा तरी ह्यांच्यावर खरेपणाचा शिक्का बसू दे, असं त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात गरम भाकरी ठेवून निघून गेल्या. पत्र मी लिहिलं होतं. आता हे निस्तरायची जबाबदारीही माझीच होती.

ओळखता येईल असा पक्षी आमच्याकडे होताच. त्या वर्षी तारेवर बसणाऱ्या नराचा डावा पाय वाकडा होता, तो पोटाशी घेऊन एकाच पायावर बसायचा. आम्ही त्याला लंगडा म्हणू लागलो. हे पक्षी हिवाळाभर आपला शेताचा तुकडा सोडत नाहीत, त्यामुळे लंगडा रोज सकाळी हजर. नोव्हेंबरपासून मास्तरांनी त्याची वही घातली. सकाळी सातला दुर्बीण, शेडकार्ड, नंबर. त्यांचा विचार सरळ होता. लंगडा हा खाकी आहे, जानेवारीअखेर तो जाईल, त्याच्या जागेवर दोन पायांचा काळा कोट येऊन बसेल, की झालं सिद्ध.

जानेवारीच्या मध्यावर मास्तर कुरकुरू लागले. डोक्याचा नंबर जुळत नव्हता. महिन्यापूर्वीचा नंबर आता फिका पडत होता, त्याच्यापुढचा गडद नंबर धरावा लागत होता. त्यांनी शेडकार्डाला दोष दिला, जुनं झालंय म्हणाले आणि विट्याला जाऊन नवीन घेऊन आले. नव्या कार्डावरही तेच. मग त्यांनी ठरवलं की लंगडा आजारी आहे. वहीत तसं लिहिलंसुद्धा, ‘तब्येत बरी नाही, तोंड काळवंडलं’. मला विचारलं की तुमच्या खात्यात पाखराला देण्यासारखं काही औषध असतं का. मी म्हटलं, आमच्याकडे डाळिंबाच्या तेल्या रोगाचं आहे. त्यांनी नाराजीनं माझ्याकडे पाहिलं आणि तारेखाली एक पाण्याची वाटी नेऊन ठेवली.

आज मला माझंच नवल वाटतं. मी पदवीधर, रोज सकाळी त्यांच्या शेजारी उभी राहून तेच पाखरू बघत होते. डोकं काळवंडत होतं हे मलाही दिसत होतं. मी म्हणायचे, धुकं आहे, उजेड वेगळा पडतो. दिसत होतं आणि तरी आम्ही दोघं बघत नव्हतो, कारण आम्हाला दोन पक्षी हवे होते.

बाई यायला दोन दिवस होते. मी कचेरीत बसले होते, दुपारची वेळ. बाहेर गलका झाला आणि मास्तर आत शिरले. अनवाणी. गळ्यात टेप आणि दुर्बीण, हातात एक तपकिरी लोकरी कोट. मागून एक माजी सुभेदार धापा टाकत आले, कारण कोट त्यांचा होता. कोपराला चामड्याचा तुकडा लावून घ्यायला त्यांनी तो मास्तरांना दिला होता आणि मास्तर तो हातात घेऊन एकदम पळत सुटले होते. मास्तरांनी कोट माझ्या टेबलावर, डाळिंबाच्या फायलींवर पसरला आणि कोपरावर बोट ठेवलं.

कोट तपकिरी होता, कोपर काळं होतं. लोकरी कापडाला वर लव असते. ही लव तपकिरी, आणि आतली वीण काळ्या धाग्याची. वर्षानुवर्षं टेकून टेकून कोपरावरची लव झडली होती आणि आतला काळा धागा उघडा पडला होता.

‘म्याडम,’ मास्तर म्हणाले, ‘एकच हाय.’

मला एका क्षणात सगळं कळलं आणि परवा बाई येणार आहेत हेही आठवलं. मास्तरांना मात्र एका जागी उभं राहवत नव्हतं. ते कोपरावरून हात फिरवत होते, सुभेदारांना दाखवत होते, माझ्या शिपायाला दाखवत होते. पाखराच्या पिसाचं टोक तेवढं खाकी, आत काळं. सैबेरियातून निघताना नवं कोरं पीस, वर सगळी खाकी लव. मग इथं करडईत, काट्यात, वाऱ्यात घासून घासून टोकं झडतात आणि फेब्रुवारीत आतला काळा वर येतो. ‘लगनाचा कोट आतनं घालूनच येतंय वो त्ये. वरनं खाकी. आन् मी टेलर असून मला कळंना.’ तीस वर्षं लोकांच्या कोपरांवर ठिगळं लावली आणि पाखराच्या वेळी मी त्याला दुसरं गिऱ्हाईक समजलो, असं म्हणून ते एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं.

मी त्यांना बाजूला नेलं. मला राग आला होता, कुणाचा ते सांगता येत नाही. मी म्हटलं, मास्तर, हे बाईंना लगेच सांगू नका. त्यांना बघू द्या, त्या काय म्हणतात ते ऐकू. कदाचित दोन असतीलही. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना तोकडी बाही लांब आहे म्हणून खपवायला सांगत होते. मग त्यांनी कोट उचलला आणि गेले.

बाई रविवारी सकाळी आल्या. पांढरे केस, पायात खेळाचे बूट, पाठीवर मोठी पिशवी. चाचींनी पहाटेपासून शिरा आणि पुऱ्या केल्या होत्या. दुकानासमोर पंधरावीस माणसं जमली होती, हेडमास्तर होते, पाखऱ्या म्हणणारी पोरं होती, सुभेदार तर पहिल्या खुर्चीत बसले होते. आटपाडीच्या पक्ष्याला आज नाव मिळणार, असं कुणीतरी गावभर केलं होतं. ते कुणीतरी मीच असणार, कारण मी दोन महिने भेटेल त्याला सांगत होते.

मास्तरांनी बाईंना बसूही दिलं नाही. सगळ्यांसमोर हात जोडले आणि म्हणाले, ‘बाई, तुमाला फुकट हेलपाटा घातला. दोन न्हाईत, एकच हाय.’ आणि त्यांनी कोट दाखवला, वही दाखवली.

बाई स्टुलावर बसल्या आणि वही वाचू लागल्या. नोव्हेंबरपासून एकेक पान. नंबर वाचायच्या, शेडकार्डावर बोट ठेवायच्या, पुढचं पान उलटायच्या. ‘तब्येत बरी नाही’ या पानावर त्या थांबल्या आणि हसल्या. मग मागच्या दारातून त्यांनी लंगड्याला पाहिलं. तो करडईवर एका पायावर बसलेला, डोकं जवळजवळ पूर्ण काळं, मानेपाशी थोडी खाकी उरलेली. बराच वेळ बघून त्या वळल्या. मास्तर म्हणतात ते अगदी बरोबर आहे, असं त्या म्हणाल्या. हा पक्षी वसंतात नवी पिसं घेत नाही, जुन्याच पिसांची टोकं झिजतात आणि आतला रंग दिसतो. मग जरा थांबून, फार हळू आवाजात त्यांनी सांगितलं की ही गोष्ट मात्र नवी नाही. पुस्तकांत आहे, खूप आधीपासून आहे.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन पक्षी तर गेलेच होते, आता मास्तरांनी स्वतः शोधलेलं तेही कुणीतरी आधीच शोधून ठेवलेलं निघालं. हे पुस्तकात मलाच दिसायला हवं होतं. चाची पदराचं टोक चिमटीत धरून माझ्याकडे बघत होत्या. सुभेदारांनी मोठ्या आवाजात विचारलं, म्हणजे पास का नापास? कुणी हसलं नाही.

मास्तर एक पाऊल पुढे आले. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

‘आधी ज्यानं बगितलं, त्यो टेलर व्हता का?’

बाईंनी खरंच विचार केला. ‘ते नाही माहीत मला,’ त्या म्हणाल्या. ‘पण बहुतेक नसावा.’

‘तरीच त्येला लवकर कळलं,’ मास्तर म्हणाले, ‘आमचं निम्मं ध्यान शिलाईत असतंय.’ आणि आता मात्र सगळं दुकान हसलं, पोरंसुद्धा हसली, आणि ते हसणं नेहमीचं नव्हतं.

बाई दुपारपर्यंत थांबल्या. पुऱ्या खाल्ल्या, वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला. निघताना त्या चाचींना म्हणाल्या की दोन पक्षी मला मिळाले नाहीत, पण एक पक्षी इतका पुरता लिहिलेला मी कुठे पाहिला नाही. चाचींनी ते नीट ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यांनी खिडकी उघडी ठेवली.

सगळे गेल्यावर मी मागच्या दारात गेले. मास्तर दुर्बीण लावून बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसून लंगड्याकडे बघत राहिले. शेवटी म्हटलं, मास्तर, मला माफ करा, मी पत्र लिहायला नको होतं, तुमचे तीस वर्षांचे दोन गप्पीदास माझ्यामुळे गेले.

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. चेहरा असा खुलला होता की मला वाटलं त्यांनी माझं ऐकलंच नाही. पण ऐकलं होतं.

‘गेलं कुटं, म्याडम? तीस वर्सं दर जानेवारीला मी म्हणायचो, खाकी गेला. मग कामात मन लागायचं न्हाई. काळा कोट यायचा, चांगला दिसायचा, पर त्यो मला परका वाटायचा, मी त्येच्याशी नीट बोललोच न्हाई कवा. आन् आता कळलं, गेलाच नव्हता की त्यो. रोज हितंच बसला व्हता, माज्या म्होरं.’

एवढं बोलून त्यांनी शेताकडे तोंड केलं आणि तीस वर्षांत ज्याच्याशी बोलणं झालं नव्हतं त्या काळ्या डोक्याच्या लंगड्याची, प्रवास कसा झाला इथपासून, सगळी चौकशी करायला सुरुवात केली.